आमची मोटार डावीकडे का ओढत होती?



मराठी व इतिहास शिकविणाऱ्या बाईंनी मोटारीच्या सांध्यांवर लेख लिहावा, हे पाहून तुमच्यापैकी कित्येकांना हसू येईल. मलाही लिहिताना संकोच वाटला. पण गेल्या मे महिन्यात आईला घेऊन इंदूरहून गोव्याला मोटारीने जाण्याचे आम्ही ठरविले, आणि त्या तयारीच्या तीन आठवड्यांत मी जे शिकले, ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. यातील आकडेमोड आमच्या विज्ञानशिक्षकांनी तपासून दिली आहे. तेव्हा तेवढ्यापुरते तरी निःशंक मनाने वाचावे.

आमची गाडी २०१२ सालची मारुती ८००, आमच्याकडे जुनी म्हणूनच आलेली. सुकाणूचक्रावरचा हात जरा सैल सोडला की ती डावीकडे सरकू लागे. मी एका दुकानात जाऊन चाकांची रेषा जुळवून घेतली. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर सारे आकडे हिरवे झाले, मी पैसे दिले, आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे. दुसऱ्या दुकानात गेले. तेथेही आकडे हिरवे, पैसे दिले, आणि पुन्हा तोच प्रकार. एव्हाना पुढच्या उजव्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती. गाडी डावीकडे ओढते आणि टायर झिजते उजवे, हे कोडे मला सुटेना. ते सोडविले जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावरील एका वयस्कर मिस्त्रींनी, आणि तेही कोणतेही यंत्र न लावता. पण त्यांनी काय केले ते कळण्यासाठी गाडीच्या पोटाखाली काय असते, हे आधी पाहिले पाहिजे.

माझे माहेर गोव्याचे. आमच्याकडे सुकाणू म्हटले की होडी आठवते. होडीचे सुकाणू एकच फळी असते. ती वळविली की काम झाले. मोटारीचे तसे नाही. तिला पुढे दोन चाके असतात आणि वळणावर त्या दोघांना सारख्याच कोनात वळवून चालत नाही. आतल्या बाजूच्या चाकाला लहान वर्तुळ काटावयाचे असते, बाहेरच्या चाकाला मोठे. आमच्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २१७५ मिलिमीटर आहे, आणि पुढच्या दोन चाकांतील अंतर सुमारे १२०० मिलिमीटर. मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर आतले चाक सुमारे २६ अंश वळले पाहिजे आणि बाहेरचे सुमारे २१. त्रिकोणमिती शिकलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उत्तर स्वतः काढून पाहावे. हा पाच अंशांचा फरक पाळला नाही, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत जाईल.

ही युक्ती मोटारीच्याही आधीची आहे. १८१७ च्या सुमारास म्यूनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या कारागिराने घोडागाडीसाठी ती योजिली, आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडात एकस्व घेतले. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे! आजही ही रचना आकरमानच्याच नावाने ओळखली जाते. इतिहासाच्या शिक्षिकेला अशा गोष्टींचे नवल वाटू नये, तरी वाटतेच.

आमच्या गाडीत सुकाणूचक्राच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते, आणि ते आडव्या दातेरी पट्टीवर फिरते. ही पट्टी डावी-उजवीकडे सरकली की तिच्या दोन्ही टोकांचे दांडे, म्हणजे ‘टाय रॉड’, चाकांना ढकलतात अथवा ओढतात. दांड्याच्या टोकाशी जो सांधा असतो तो आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा: एका वाटीत गोल गोळा, आणि त्याला सर्व दिशांना फिरण्याची मुभा. मिस्त्री त्याला ‘टाय रॉड एंड’ म्हणतात. असाच दुसरा मोठा सांधा चाकाच्या खालच्या बाजूला असतो. तो ‘बॉल जॉइंट’. माझी सगळी कथा या दुसऱ्या सांध्याभोवती फिरते.

आता चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या भागाकडे वळू. पारिभाषिक कोशात त्याला ‘निलंबन’ असा शब्द आढळतो. सरकारी नोकरांच्या घरी हा शब्द उच्चारला तर जेवण घशाखाली उतरणार नाही. म्हणून मी गॅरेजातलाच ‘सस्पेन्शन’ हा शब्द वापरते. त्यात दोन कामे करणारे दोन भाग असतात, आणि त्यांची गल्लत करू नये. स्प्रिंग धक्का झेलते. पण झेललेला धक्का ती परतही करते, आणि मग गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहते. ही आंदोलने थांबविणारा दुसरा भाग म्हणजे धक्काशोषक, म्हणजेच गॅरेजातला ‘शॉकअप’. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या वरखाली झाला की ते तेल बारीक छिद्रांतून कष्टाने जाते, आणि आंदोलनाची शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. खडबडीत रस्त्यावरून गाडी आली की चारही शॉकअप कोमट लागावयास हवेत. एखादा थंडच असेल, तर तो काम करीत नाही असे समजावे. मात्र हात लावताना शेजारची ब्रेकची तबकडी तापलेली असते, हे विसरू नये.

लहान गाड्यांत पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसविलेले असतात. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. फोर्डच्या ‘कॉन्सल’ या इंग्लंडातील गाडीत ती १९५० मध्ये लोकांपुढे आली. जागा कमी लागते, सुटे भागही कमी, म्हणून लहान गाडीला ती अतिशय मानवली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. त्या अवधीत भारतातल्या लक्षावधी मध्यमवर्गीय कुटुंबांचा भार या खांबांनी वाहिला.

आमच्या मामांची गाडी निराळी होती. ती फियाट, पुढे जिला ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणू लागले, ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तिचे ‘अकराशे डी’ हे रूप १९६४ पासून तयार होऊ लागले. तिला मागे पोलादी पाटे होते, आणि पुढची चाके ज्या खिळ्यांभोवती वळत, त्यांना ग्रीस भरण्यासाठी लहान बोंडे होती. मामा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिचकारीसारखा पंप घेऊन गाडीखाली शिरत आणि जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरीत. आम्ही मुले बाहेरून त्यांच्या चपला मोजीत बसत असू. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तिच्याबरोबर ग्रीस भरण्याची ती सवयही गेली, कारण आजच्या सांध्यांना बोंडेच नसतात. कारखान्यातच ग्रीस भरून, वर रबरी टोपी चढवून त्यांना कायमचे बंद केलेले असते. लोकांना वाटते, आता देखभाल नको. वास्तविक भरण्याचे काम संपले, पाहण्याचे काम वाढले. ती रबरी टोपी एकदा फाटली की आत धूळ व पाणी शिरते, ग्रीसचे उटणे होते, आणि काही महिन्यांतच गोळा वाटीत खुळखुळू लागतो. दातेरी पट्टीच्या दोन्ही टोकांना असलेल्या घड्यांच्या रबरी पिशव्यांचेही तेच.

माळव्यात तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी लाटांसारखा वरखाली झालेला असतो. गाडी मग खड्ड्यावाचूनही डुलते, आणि सांधे नकळत झिजतात. योगायोग असा की चाके, सुकाणू आणि सस्पेन्शन यांच्या वर्तनाचीच परीक्षा घेणारे ‘नॅट्रॅक्स’ हे राष्ट्रीय केंद्र आपल्या शेजारीच, पीथमपूरला आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगमार्गाचे उद्घाटन २०२१ च्या जूनमध्ये झाले. नव्या गाड्या तेथे कसाला लागतात. जुन्या गाडीचा कस मात्र मालकालाच पाहावा लागतो.

आता मिस्त्रींच्या परीक्षेकडे येते. त्यांनी प्रथम मला गाडी चालवावयास लावली, ती रस्त्यावर नव्हे, एका सपाट मोकळ्या पटांगणावर. कारण रस्ता मधोमध उंच व कडेला उतरता बांधलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून निर्दोष गाडीही किंचित डावीकडे उतरू पाहते. निम्म्या तक्रारी येथेच संपतात, असे ते म्हणाले. आमची संपली नाही. मग त्यांनी चारही टायरांतली हवा, टायर थंड असताना, मोजली. कमी हवेचे चाक गाडीला आपल्याकडे ओढते. तीही ठीक निघाली. नंतर पुढची दोन चाके डावी-उजवी बदलून पुन्हा चालवून पाहिली. ओढण्याची बाजू बदलती, तर दोष टायरचा ठरता. ती बदलली नाही.

तेव्हा कुठे त्यांनी जॅक काढला. हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढूनमागून विटा लावल्या, पुढची उजवी बाजू उचलली आणि लगेच तिच्याखाली लोखंडी घोडी ठेवली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली त्यांनी स्वतःचा हातही घातला नाही, मग डोके दूरच. विद्यार्थ्यांनो, एवढे एक वाक्य तुम्ही दोनदा वाचा.

चाक अधांतरी झाले. घड्याळात तीन व नऊ जेथे असतात तेथे दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते आडवे हलविले. येथे खुळखुळ असेल तर टाय रॉडचे टोक किंवा दातेरी पट्टी झिजलेली असते. चाक गच्च होते. मग बारा व सहा जेथे असतात तेथे धरून उभे हलविले. आणि ‘टक’ असा बारीक आवाज आला. मला तो ऐकूसुद्धा आला नाही. त्यांनी माझा हात टायरवर ठेवविला, तेव्हा तो मला कळला. “बाई, आता आत बसून ब्रेक दाबा,” ते म्हणाले. मी दाबला. ब्रेक दाबल्यावर चाक आपल्या आधाराशी जखडले जाते. म्हणून चाकाच्या बेअरिंगचा सैलपणा असेल तर तो ब्रेकबरोबर नाहीसा होतो. आमचा ‘टक’ तसाच राहिला. दोष बेअरिंगच्या पलीकडे, खालच्या बॉल जॉइंटमध्ये होता. त्यांनी बॅटरीच्या उजेडात दाखविले: रबरी टोपी अर्धी फाटलेली, आणि आतून तांबूस चिखल डोकावत होता.

मग कोडे उलगडले. सांधा सैल झाल्याने गाडीच्या भाराखाली उजव्या चाकाचा तळ बाहेर सरके, अर्थात त्याचा माथा आत झुके. जमिनीवर नाणे सोडून पाहा. ते ज्या बाजूला झुकते त्या बाजूलाच वळते. आमचे उजवे चाक डावीकडे झुकलेले होते, म्हणून ते गाडीला डावीकडे नेत होते, आणि झुकल्यामुळे त्याची आतलीच कड रस्त्याला घासत होती. दोष उजवीकडे, लक्षण डावीकडे! आणि संगणकाचे ते हिरवे आकडे? तेही खोटे नव्हते. यंत्रावर गाडी स्थिर उभी असते; त्या घटकेला चाक जेथे उभे असते तेथले माप यंत्र देते. रस्त्यावर पहिल्या धक्क्याला चाक दुसरीकडे जाऊन बसते. सैल सांध्यावर रेषा जुळविणे म्हणजे हलत्या टेबलावर घर काढणे होय. आधी सैलपणा शोधावयाचा, तो घालवावयाचा, आणि मगच रेषा जुळवावयाची. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात. आमचे दोनदा गेले.

पैशांचे काय, जातील. पण मिस्त्रींनी पुढे जे सांगितले त्याने माझे हात गार पडले. असा सांधा एके दिवशी वाटीतून निसटतो. मग चाक आडवे पडते, आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखे होते. सावकाश जाताना झाले तर नशीब. घाटाच्या उतारावर झाले तर सांगावयास नको. आमच्या वाटेवर सेंधव्यापुढे बिजासन घाट होता आणि शेवटी आंबोलीचा. दर खेपेस आई गाडीत बसली की एकच वाक्य म्हणते, “सवकास चलय गो बाये.” सावकाश चालवूनही त्या सांध्याने ऐकले नसते.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. बॉल जॉइंटसह चाकाचा संपूर्ण खालचा हात नवा बसविला. या कामातल्या तीन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. पहिली रबरी बुशांविषयी. खालचा हात ज्या बुशांवर झुलतो, त्यांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना नुसते हाताने लावले, आणि गाडी जमिनीवर उतरवून, भार आल्यावर मगच पक्के आवळले. उलट केले तर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. घाईच्या गॅरेजात हे हमखास विसरले जाते. मालकाने तेथे उभे राहून पाहावे. दुसरी, नटाला लावलेली कटर पिन. जुनी सरळ करून पुन्हा घालू नये. ती किती स्वस्त आणि तिच्यावर किती अवलंबून! तिसरी टाय रॉडच्या टोकाविषयी. ते आम्ही बदलले नाही, पण बदलावयाचे झाल्यास जुने काढताना किती फेरे सुटले ते मोजावे आणि नवे तेवढ्याच फेऱ्यांनी बसवावे, म्हणजे गाडी निदान रेषा जुळविणाऱ्या दुकानापर्यंत सरळ जाते. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे किंवा त्यावर जोड देणे हा तर गुन्हाच समजावा.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे, ती तुम्हीही करू शकाल. गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन एखाद्या हेलकाव्यात ती थांबली तर ठीक. झुलत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर तो गेला. बदलताना एकाच आसावरचे दोन्ही बदलावे. पुढच्या खांबाच्या माथ्यावरचा मधला नट मात्र कोणीही कुतूहलाने सोडवू नये. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ती दाबून धरण्याचे खास साधन न लावता नट सोडला तर ती तोफगोळ्यासारखी उडते. पुष्कळ वर्षे गॅरेजात काढलेली माणसेही त्या कामाला वचकून असतात.

शेवटी रेषा पुन्हा जुळविली, तिसऱ्यांदा आणि या वेळी सार्थ. तिचे महत्त्व कमी लेखू नये, म्हणून एक हिशेब देते. पुढच्या दोन चाकांच्या लोखंडी कडांमधले अंतर पुढे व मागे मोजले आणि त्यात योग्य मापापेक्षा फक्त तीन मिलिमीटरचा फरक निघाला, असे समजा. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आला. कडेचा व्यास सुमारे ३०० मिलिमीटर. म्हणजे चाक दर हजार मीटरमागे पाच मीटर आडवे घासले जाते. इंदूर ते गोवा हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तेवढ्या प्रवासात प्रत्येक चाक पाच किलोमीटर आडवे फरफटेल. टायर का झिजते, ते वेगळे सांगावयास नको.

पहाटे पाचला आम्ही निघालो. मानपूर मागे पडले, खलघाटला नर्मदा ओलांडली. बिजासन घाटाच्या उतारावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती. एका सरळ तुकड्यावर सुकाणूवरची पकड क्षणभर हलकी केली. गाडी आपल्या रेषेत चालत राहिली. आई नर्मदेपासूनच झोपली होती.

तो काढलेला जुना हात मी मिस्त्रींकडून मागून आणला आहे, आणि आपल्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटात ठेवला आहे. त्याच्या टोकाचा गोळा बोटांनी धरून हलवून पाहा. नव्या सांध्यात तो बोटांच्या जोराने सहसा हलत नाही. यात तो टकटक करतो. हात काळे होतील. पुसण्यासाठी चिंधी तेथेच ठेवली आहे.